ऋतुप्राप्ती आणि अधिकार

शरीरात एखादी घटना घडली, एवढ्यावरून मनुष्यावर एखादे धर्मकर्तव्य आपोआप येऊन पडते काय, आणि पडत असेल तर त्या कर्तव्याचा आदेश देणारे कोण, शरीर की शास्त्र, हा प्रश्न वरकरणी मीमांसकांच्या वादसभेतच शोभेल असा वाटतो. परंतु १८९१ साली, जानेवारीपासून मार्चपर्यंतच्या दोन-अडीच महिन्यांत, याच प्रश्नाने पुण्या-मुंबईची वर्तमानपत्रे, जाहीर सभा आणि सरकारकडे गेलेले अर्ज यांना इतके व्यापून टाकले होते की, त्या काळच्या महाराष्ट्रात त्याविषयी मत न देता राहिलेला शिकलेला मनुष्य विरळाच असेल. निमित्त संमतिवयाच्या बिलाचे होते. १८६० च्या दंडसंहितेने मुलीच्या संमतीचे वय दहा वर्षे ठरविले होते. ते बारा करावे आणि पूर्वीप्रमाणेच पतीलाही त्यातून सूट नसावी, एवढाच नव्या मसुद्याचा मतलब. त्याआधी कलकत्त्यात फुलमणी दासी नावाची दहा-अकरा वर्षांची विवाहित मुलगी पतीकडून झालेल्या इजेने मरण पावली होती, आणि तिने दहा वर्षे ओलांडली असल्यामुळे त्या प्रौढ पतीस बलात्काराच्या कलमाखाली शासन करणे न्यायालयाला शक्य झाले नव्हते. वर्षभराच्या सक्तमजुरीवर ते प्रकरण मिटले.

या बिलावर सनातनी पक्षाचा जो मुख्य आक्षेप होता, तो हेटाळणीने बाजूला सारण्यासारखा नव्हता, आणि आजही तो त्याच्या पूर्ण बळानिशी समजून घेतला पाहिजे असे मला वाटते. शास्त्रात कित्येक कर्मे नैमित्तिक म्हणून सांगितली आहेत: ग्रहण लागले की स्नान करावे, पुत्र झाला की जातकर्म करावे. येथे ग्रहण काही आज्ञा करीत नाही, आज्ञा शास्त्रच करते. पण ती अमलात येण्याचा क्षण मात्र निमित्ताने ठरतो, आणि निमित्त घडल्यावर कर्म टाळणाऱ्यास प्रत्यवाय, म्हणजे दोष, लागतो. गर्भाधान हा सोळा संस्कारांतील पहिला संस्कार. कित्येक निबंधकारांच्या, म्हणजे धर्मशास्त्राचे संग्रहग्रंथ लिहिणाऱ्यांच्या, मते तो प्रथम ऋतूच्या वेळीच व्हावयास हवा. तेव्हा एखाद्या मुलीला बाराव्या वर्षाच्या आत ऋतू प्राप्त झाला, तर सरकारचा कायदा पाळावा की धर्माचा, असा पेच त्या मुलीच्या घरच्यांपुढे उभा राहतो. युक्तिवाद सुसंगत आहे. तो ज्या गृहीतावर उभा आहे ते एवढेच की, ऋतुदर्शन ही ग्रहणासारखी निश्चित घटना असून, स्त्रीचे शरीर मातृत्वास सिद्ध झाल्याची ती निसर्गाने दिलेली ग्वाही आहे.

घरोघरची वहिवाट याच गृहीतावर चालत असे. मुलीला न्हाण आले की तिला मखरात बसवीत. ओटी भरत, साखर वाटत, ऐपत असेल तर दारात वाजंत्रीही लागत. आळीतल्या बायका गाणी म्हणत, थट्टा करीत, आणि अकरा-बारा वर्षांची ती पोर, अंगावर मोठ्या बाईचे दागिने आणि पोटात न कळणारी दुखरी कळ घेऊन, साऱ्या गावाला जाहीर झालेल्या स्वतःच्या शरीराच्या वार्तेच्या मधोमध मान खाली घालून बसलेली असे. त्या सोहळ्यात कौतुक नव्हते असे नाही. आनंद खराच असे. पण ज्या गोष्टीचा तो आनंद होता ती त्या दिवशी खरोखर पूर्ण झालेली होती काय?

शरीरशास्त्राने गेल्या शतकात या घटनेची जी हकीकत उलगडली, ती धर्मविचार करणाऱ्याने लक्षपूर्वक वाचावी अशी आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाच्या भागात अवघ्या एक-दोन हजार पेशींचा एक विरळ समुदाय आहे. गर्भावस्थेत या पेशी नाकाच्या जागी जन्मतात आणि तेथून प्रवास करीत मेंदूत येतात, आणि म्हणूनच ज्या थोड्या व्यक्तींमध्ये हा प्रवास अर्ध्यावर खुंटतो, त्यांना गंधज्ञानही नसते आणि यौवनही आपण होऊन येत नाही. या पेशी दहा अमिनो आम्लांच्या साखळीचे एक अगदी लहानसे संप्रेरक सोडतात. अँड्र्यू शॅली आणि रॉजर गिलेमिन यांच्या प्रयोगशाळांनी लक्षावधी जनावरांच्या मेंदूंचे अर्क गाळून ते हस्तगत केले, १९७१ मध्ये त्याची रचना निश्चित झाली, आणि १९७७ चे नोबेल पारितोषिक या दोघांना अशा कामाबद्दल रोझलिन यॅलो यांच्यासमवेत मिळाले. हे संप्रेरक पोष ग्रंथीला जागे करते, पोष ग्रंथी आपली दोन संप्रेरके रक्तात सोडून अंडाशयाला किंवा वृषणाला जागे करते, आणि तेथून निघणारी इस्ट्रोजेन व टेस्टोस्टेरॉन ही द्रव्ये स्वर, केस, अस्थी, स्तन, मन या सर्वांवर आपला अंमल बसवितात.

येथवरचे शाळेतल्या पुस्तकातही सापडते. ज्या भागाने मला थांबावयास लावले तो पुढे आहे. ही संपूर्ण साखळी यौवनारंभी तयार होत नाही. ती जन्मतःच तयार असते. जन्मानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत ती चालूही असते, इतकी की तान्ह्या मुलाच्या रक्तातील टेस्टोस्टेरॉन वयात येत असलेल्या मुलाच्या मर्यादेपर्यंत चढते. मग ती शांत होते, आणि पुढची कित्येक वर्षे शांत राहते. ही शांतता अंडाशय किंवा वृषण अपक्व असल्यामुळे असेल, अशी पहिली समजूत होती. पण ज्या मुलांना जन्मतः या ग्रंथीच नाहीत, त्यांच्याही पोष ग्रंथीची संप्रेरके मधल्या वर्षांत खाली उतरतात आणि यौवनाच्या वयाला पुन्हा उसळतात, असे आढळले. म्हणजे ही शांतता खालून आलेली नाही, वरून लादलेली आहे. बाल्य म्हणजे शक्तीचा अभाव नव्हे. बाल्य हा शक्तीचा निग्रह आहे, आणि तो मेंदू वर्षानुवर्षे सांभाळतो. २०१३ मध्ये असे एक जनुक ओळखले गेले की ज्यात बिघाड असल्यास हा निग्रह अकाली सुटतो आणि मूल सहाव्या-सातव्या वर्षीच वयात येऊ लागते. त्याची पित्याकडून आलेली प्रतच काय ती काम करते, मातेकडून आलेली मुकी असते. उलट, २००३ मध्ये फ्रान्स आणि अमेरिका येथील दोन गटांनी दाखवून दिले की, किस्पेप्टिन या रेणूचा संदेश घेणारे ग्राहक सदोष असेल, तर निग्रह कधी सुटतच नाही.

पिट्सबर्ग येथे अर्न्स्ट नोबिल यांनी माकडांवर केलेला प्रयोग या विषयात अजोड मानला जातो. ज्यांच्या मेंदूतील तो भाग नष्ट केला होता, अशा माकडिणींना त्यांनी ते दहा दुव्यांचे संप्रेरक शिरेतून अखंड दिले, तेव्हा पोष ग्रंथी ढिम्म राहिली. पण तेच संप्रेरक, पहाऱ्यावरचा शिपाई तासातासाला टोल देतो तसे, दर तासाला काही मिनिटे दिले, तेव्हा सारी व्यवस्था सुरळीत चालू लागली. पुढे १९८० मध्ये त्यांच्या गटाने अद्याप वयात न आलेल्या पिल्लावस्थेतील माकडिणींना असेच ताशी टोल दिले, आणि त्यांना अंडमोचनासह ऋतुचक्र सुरू झाले. टोल थांबविले तेव्हा त्या पुन्हा पूर्वीच्या बाल्यावस्थेत गेल्या. यौवन दाराशी आले आणि परत फिरले! मुलांच्या बाबतीत हे टोल आरंभी केवळ रात्री, झोपेत पडू लागतात. पोष ग्रंथी निद्रेत जागी होऊन सकाळी पुन्हा निजते. घरातल्या कोणालाही, खुद्द त्या मुलाला अथवा मुलीलाही, याचा पत्ता नसतो. त्यानंतर, मुलीच्या बाबतीत साधारण आठ ते तेरा या वयांच्या दरम्यान केव्हातरी, स्तनांची वाढ दिसू लागते. उंची झपाट्याने वाढते. आणि या पहिल्या दृश्य चिन्हानंतर सुमारे दोन-अडीच वर्षांनी प्रथम रजोदर्शन होते. तेही पूर्णत्वाचे नव्हे. पहिल्या एक-दोन वर्षांतील पुष्कळशा ऋतुचक्रांत अंडमोचन झालेलेच नसते. ती नियमित होण्यास आणखी काही वर्षे जातात. आणि ज्या श्रोणीतून अपत्याला बाहेर यावयाचे, तिच्या अस्थींची वाढ तर रजोदर्शनानंतरही चालूच असते.

तेव्हा ज्या चिन्हाला निमित्त म्हणून धरले गेले, ते या प्रक्रियेच्या आरंभीही येत नाही आणि अखेरीसही येत नाही. ते मधेच कोठेतरी येते, आणि केवळ डोळ्यांना दिसते म्हणून त्याला मान मिळाला. ग्रहणाला स्पर्श आहे आणि मोक्ष आहे, पंचांगात दोहोंची घटी-पळे मांडता येतात. येथे स्पर्श झोपेत होऊन जातो, आणि मोक्ष कोणत्या दिवशी झाला हे वैद्यालाही सांगता येत नाही.

मीमांसाशास्त्राने याहूनही खोल असा एक विचार करून ठेवला आहे, आणि १८९१ च्या वादात त्याकडे जितके लक्ष जावयास हवे होते तितके गेले नाही अशी माझी समजूत आहे. जैमिनीच्या मते धर्म प्रत्यक्षाने कळत नाही. इंद्रियांना जे समोर आहे तेवढेच दिसते, करावयाचे काय ते दिसत नाही. म्हणून रक्ताचा डाग कोणतेही कर्तव्य सांगू शकत नाही, हे तर झालेच. पण शास्त्राने सांगितलेले कर्मही प्रत्येकावर पडत नाही. त्याला अधिकारी लागतो. आणि अधिकारी कोण? जो त्या कर्माचा अर्थी आहे, म्हणजे ज्याला त्याच्या फळाची इच्छा आहे. जो समर्थ आहे, म्हणजे ते पार पाडण्याची शक्ती ज्याच्या ठायी आहे. आणि जो विद्वान आहे, म्हणजे ते कर्म काय आहे हे ज्याला कळते. अर्थित्व, सामर्थ्य आणि विद्या, या तिन्ही अटी यज्ञाच्या यजमानासाठी घातलेल्या आहेत. आता, तूप आणि समिधा यांची आहुती देणाऱ्याची इच्छा, शक्ती आणि समज जे शास्त्र इतक्या काटेकोरपणे तपासते, ते ज्या संस्कारात एका मनुष्याचे शरीर हेच क्षेत्र आहे, तेथे त्या मनुष्याच्या इच्छेची, शक्तीची आणि समजेची रुजुवात करणार नाही, असे मानणे मला तरी शास्त्राचा अवमान वाटतो. यावर असे उत्तर देतील की, गर्भाधानाचा कर्ता पती असल्याने अधिकार त्याचा पाहावयाचा. स्त्री येथे संस्कार्य आहे, कर्ती नव्हे. हा संस्कार क्षेत्राचा, म्हणजे स्त्रीचा, की गर्भाचा, याविषयी निबंधकारांतच मतभेद आहे, आणि महामहोपाध्याय पां. वा. काणे यांच्या धर्मशास्त्राच्या इतिहासात तो नोंदलेला आहे. परंतु कर्ता कोणीही असो, कर्माने ज्याचा नाश होतो त्याचा तो संस्कार कसा? फुलमणीवर कोणता संस्कार झाला?

सामर्थ्याच्या अटीविषयी आपल्याच परंपरेतील वैद्य निबंधकारांपेक्षा अधिक स्पष्ट बोलले आहेत. सुश्रुताने स्त्रीला रज बाराव्या वर्षापासून येऊ लागते असे म्हटले आहे, आणि तोच सुश्रुत शारीरस्थानात सांगतो की सोळा वर्षांहून लहान स्त्रीच्या ठायी पंचविशीच्या आतील पुरुषापासून राहिलेला गर्भ कुशीतच विपन्न होतो, अथवा जन्मला तरी चिरकाल जगत नाही, किंवा दुर्बलेंद्रिय होतो. वाग्भटानेही स्त्रीचे वय सोळाच धरले आहे. बारा आणि सोळा! मधली चार वर्षे त्या प्राचीन वैद्यांनी केवळ निरीक्षणाच्या बळावर राखून ठेवली, आणि श्रोणीची वाढ मोजणाऱ्या आधुनिकांना त्यांचे म्हणणे खोडून काढण्याचे कारण पडले नाही. मनूनेही ऋतुमती झालेल्या कन्येने तीन वर्षे वाट पाहावी आणि मग स्वतः अनुरूप पती शोधावा अशी मुभा दिली आहे. गुणहीनाला देण्यापेक्षा ती मरेपर्यंत बापाच्या घरी राहिली तरी चालेल, असेही तो त्याच ठिकाणी म्हणतो. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८९१ मध्ये विवाह आणि गर्भाधान यांच्या वयाविषयी जे टिपण प्रसिद्ध केले, त्यात अशाच आधारांवर प्रथम ऋतूचा आग्रह शास्त्राला आवश्यक नाही असा निवाडा दिला. टिळकांनी त्यांच्या अर्थनिर्णयाला हरकत घेतली. टिळकांवर अन्याय होऊ नये म्हणून सांगितले पाहिजे की, त्यांचा खरा कटाक्ष परक्या सरकारच्या हातात धर्माची कुलपे देण्यावर होता. मुलींची लग्ने सोळाच्या आत करू नयेत असे लोकांनी स्वेच्छेने स्वतःवर बंधन घालून घ्यावे, ही सूचना आदल्याच वर्षी खुद्द त्यांनी केली होती. आगरकरांचे म्हणणे असे की, स्वेच्छेची वाट पाहत असता मुली मरतात. या ठिकाणी माझे मन आगरकरांकडे आहे, आणि ते लपविण्याचे मला कारण दिसत नाही.

मुलग्यांविषयी शास्त्रकारांची दृष्टी अधिक सूक्ष्म होती, हे खेदाने मान्य करावे लागते. ब्राह्मणबटूचे उपनयन आठव्या वर्षी, क्षत्रियाचे अकराव्या, वैश्याचे बाराव्या; म्हणजे कामाचा उदय होण्यापूर्वीच ब्रह्मचर्याचे व्रत हाती दिले जाई, आणि शरीराचा निग्रह सुटेल तेव्हा मनाचा निग्रह आधीपासून अंगवळणी पडलेला असावा अशी ती तजवीज होती. मुलाला मिसरूड फुटले म्हणून कोणी त्याला त्याच महिन्यात गृहस्थाश्रमाचा हुकूम दिला नाही; तेथे शरीराच्या चिन्हाला निमित्ताची पदवी मिळालीच नाही. त्याला तर समावर्तनापर्यंत अनेक वर्षांची मुदत होती. आपली इच्छा नसताना, जणू बळाने जुंपल्यासारखा मनुष्य पापाकडे का ओढला जातो, असे अर्जुनाने गीतेच्या तिसऱ्या अध्यायात विचारले आहे; रात्री झोपेत पडणाऱ्या त्या टोलांची हकीकत वाचताना हा प्रश्न मला चौदा-पंधरा वर्षांच्या प्रत्येक मुलाच्या वतीने विचारलेला वाटू लागला. जे त्याने मागविले नाही ते त्याच्यात उत्पन्न होते. त्याबद्दल त्याला दोष देणे हा अविचार आहे. परंतु उत्पन्न झालेल्या प्रवृत्तीचे काय करावयाचे ते ग्रंथी सांगत नाही. प्रकृतीचे कर्तृत्व जेथे संपते तेथेच त्याचे स्वतःचे सुरू होते, आणि ते शिकण्यास त्याला वर्षे लागतात. मेंदूच्या पुढच्या भागाची, म्हणजे विवेकाच्या जागेची, घडण तर विशी ओलांडली तरी चालूच असते.

अन्य धर्मांनाही हा पेच चुकलेला नाही. इस्लामी फिकहमध्ये बुलूग, म्हणजे शरीराने वयात येणे, यापासून नमाज-रोज्याची जबाबदारी सुरू होते. पण अनाथ मुलाची मालमत्ता त्याच्या हवाली करण्यापूर्वी त्याच्या ठायी रुश्द, म्हणजे व्यवहाराची समज, दिसली पाहिजे, अशी अट कुराणाच्या चौथ्या सूऱ्यात आहे. मालमत्तेसाठी शरीर पुरेसे नाही, हे तेथे ओळखले गेले. रोमन चर्चने आपल्या कायद्यात मुलीच्या विवाहाचे किमान वय शतकानुशतके बारा ठेवले आणि १९१७ च्या संहितेत ते चौदावर नेले.

शरीराच्या चिन्हाला धर्माचा दाखला मानण्यातील आणखी एक अडचण आधुनिक काळानेच उघड केली. उत्तर युरोपातील नोंदींवरून असे दिसते की एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला तेथील मुलींना ऋतुप्राप्ती सोळा-सतराच्या सुमारास होई, आणि विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ते वय तेरापर्यंत उतरले. कारण मुख्यतः पोषण आणि आरोग्य. शरीरातील मेदाची खबर मेंदूला देणारे लेप्टिन नावाचे संप्रेरक १९९४ मध्ये सापडले. ते ज्या मुलांत जन्मतः नसते ती आपण होऊन वयात येत नाहीत. उपासमार झाली की मेंदू निग्रह लांबवितो, पोटभर मिळाले की सोडतो. आता गर्भाधानाचे कर्तव्य ऋतूला बांधलेले असेल, तर जिला दूध-तूप मिळते त्या मुलीवर ते लवकर पडते आणि दुष्काळातल्या मुलीवर उशिरा. बापाने मुलीला प्रेमाने चार घास अधिक घातले, याचे फळ म्हणून तिचे बाल्य वर्षभर आधी हिरावून घेण्याचा धर्म त्याच्यावर येतो. असा धर्म कोणत्याही ऋषीने सांगितला असेल यावर माझा विश्वास बसत नाही.

कायद्याचे आकडे पुढे सरकत गेले. १८९१ च्या १९ मार्चला बिल मंजूर होऊन बारा झाले. विवाहित मुलीसाठी १९२५ मध्ये तेरा, १९४९ मध्ये पंधरा, आणि २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाने अठरा. यातला एकही आकडा ग्रंथींनी दिलेला नाही. प्रत्येक आकडा माणसांनी भांडून, विचार करून, कधी मृत्यू पाहून ठरविलेला आहे, आणि ऋतुप्राप्तीचे वय खाली येत असताना हे वय वर जात राहिले, यात मला काहीही विसंगत दिसत नाही. सामर्थ्याची अट वैद्यकाने समजून दिली, अर्थित्वाची अट संमती या रूपाने कायद्याने मान्य केली. उरते ती विद्या. आणि बारा-तेराव्या वर्षापासून अठरापर्यंतची जी पाच-सहा वर्षे मुलीच्या हाती नव्याने आली, ती कशासाठी, हा प्रश्न अजूनही पुष्कळ घरांनी स्वतःला विचारलेला नाही. मुलाच्या त्या वर्षांना शास्त्राने आश्रम दिला. मुलीच्या त्या वर्षांना शास्त्रात जागा नाही, कारण तिचा विवाह हेच तिचे उपनयन असे मनूने म्हणून ठेवले.

मुंबईच्या रखमाबाईंचे लग्न अकराव्या वर्षी झाले आणि पुढे काही महिन्यांतच त्यांना ऋतू प्राप्त झाला. सासरची मंडळी गर्भाधानाची वाट पाहत होती. सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन हे वैद्यकी करणारे गृहस्थ; त्यांनी ते होऊ दिले नाही. मुलगी माहेरी राहिली, मिशनच्या ग्रंथालयातील पुस्तके आणून घरी वाचीत राहिली, आणि विवाहामुळे आपले शिक्षण कसे तुटले ते पुढे तिने ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने वर्तमानपत्रात लिहिले. पतीने १८८४ मध्ये नांदावयास येण्याबद्दल दावा लावला. १८८७ मध्ये मुंबईच्या हायकोर्टात, पतीकडे जा नाहीतर सहा महिने तुरुंगात जा, असा हुकूम झाला, तेव्हा त्यांनी तुरुंग पत्करतो असे सांगितले. १८८८ मध्ये तडजोड झाली. रखमाबाई इंग्लंडला गेल्या, वैद्यकीचे शिक्षण पुरे करून परतल्या, आणि सुरतेस व नंतर राजकोटास बायकांच्या रुग्णालयांत त्यांनी अनेक वर्षे काम केले.